मूल्यशिक्षण आणि मोबाईल: आठवी-नववीच्या वर्गात सुरुवात कुठून करायची

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की परिपाठात सुविचार होतो, मूल्यशिक्षण होतं, वर्षातून एकदा सायबर पोलिसांचं व्याख्यानही होतं, तरी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणं, मुलींच्या फोटोंवरून चिडवणं, रात्रीची जागरणं काही कमी होत नाहीत आणि काही मुलं तर अगदी गप्प गप्प झालीत, तर मूल्यशिक्षण आणि माध्यम साक्षरता, म्हणजे फोनवर, बातम्यांत येतं ते तपासून घ्यायला शिकणं, एकत्र करून मुलं जरा मोकळी, आनंदी होतील असं काही करता येतं का? मी बरीच वर्षं शाळांमधून समुपदेशन करते आणि शिक्षकांची प्रशिक्षणंही घेते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा.

करता येतं मॅडम, आणि त्यासाठी वेगळा तास मागायची गरज नाही. पण पहिलं काम मुलांवर करायचं नाहीये, मोठ्यांवर करायचंय. मुलं गप्प का होतात माहितीये? ऑनलाइन काहीही वाईट घडलं आणि ते घरी सांगितलं की पहिली गोष्ट होते ती फोन काढून घेतला जातो. म्हणजे त्रास दिला दुसऱ्यानं, शिक्षा झाली सांगणाऱ्याला. हे एकदा एका मुलाच्या बाबतीत घडलं की सगळ्या वर्गाला कळतं आणि मग कोणी काही सांगतच नाही, कितीही व्याख्यानं द्या. म्हणून जूनच्या पहिल्या पालक सभेत, हेडसरांना शेजारी उभं करून, पालकांकडून एवढं एकच कबूल करून घ्या की मूल आपणहून सांगायला आलं तर त्या दिवशी ओरडायचं नाही आणि फोन हिसकावायचा नाही. पालक वाद घालतात, "मग लाडावतील की" म्हणतात, घालू द्या वाद, पण हा मुद्दा सोडू नका. शिक्षकांनीही तेच पाळायचं. मात्र मुलांना "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका, कारण ते काही वेळा पाळता येत नाही आणि मोडलं की विश्वास संपला. असं सांगा, "तुझा फोन मी घेणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर योग्य माणसाला सांगावं लागेल आणि ते मी तुला सांगूनच करीन."

आता मूल्यशिक्षणाचं. आपल्याकडची ती दहा मूल्यं सगळ्या शिक्षकांना पाठ आहेत, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, वक्तशीरपणा वगैरे, आणि खरं सांगायचं तर यादी चांगलीच आहे, मला त्यात काही खोट काढायची नाही. अडचण अशी की ती फळ्यावर आणि भिंतीवर राहते. कोणाला चिडवू नये हे नववीच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं, पेपरात विचारा, दहापैकी दहा. पण रात्री साडेदहाला वर्गातल्या मुलीच्या फोटोचं स्टिकर ग्रुपवर येतं, वीस जण हसायचे इमोजी टाकतात, तेव्हा एकविसावा मुलगा काय करतो? त्याला वाईट वाटत असतं हो, पण काय टाइप करायचं ते सुचत नाही, आणि काही बोललो तर उद्या आपलं स्टिकर निघेल ही भीती असते. सद्गुण हे करून करूनच अंगात येतात, वाचून येत नाहीत, असं ॲरिस्टॉटलनं केव्हाच सांगून ठेवलंय, आणि इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात २०१२ पासून चारित्र्य शिक्षणावर काम करणारं जुबिली सेंटर आहे तेही याच्यावरच भर देतं की मुलाला प्रसंग ओळखून नेमकं काय करावं हे कळलं पाहिजे, नुसती मूल्यांची नावं नकोत.

मग वर्गात काय करायचं, तर हाच स्टिकरचा प्रसंग घ्यायचा, नावं बदलून, आपल्याच वर्गातला वाटणार नाही इतपत बदलून. "योग्य काय?" असं विचारायचं नाही, त्याला सगळे परिपाठासारखं उत्तर देतात. विचारायचं "तू काय टाइप करशील? शब्दन् शब्द लिही." चिठ्ठ्यांवर नाव न घालता लिहून घ्या आणि मोठ्यानं वाचा. पहिल्यांदा भाषणं येतात, "मित्रांनो हे चुकीचे आहे" अशी, आणि मुलंच म्हणतात मॅडम असं कोणी लिहीत नसतं. मग हळूहळू खरी वाक्यं बाहेर पडतात. "ए बास ना आता, डिलीट कर." "तिला नाही आवडणार रे हे." कोणी म्हणतं मी ग्रुपवर काही लिहिणार नाही, टाकणाऱ्याला वेगळा मेसेज करीन, तेही चालतं, उलट कित्येकदा तेच बरं पडतं कारण त्याला सगळ्यांसमोर कमीपणा वाटत नाही. आणि सगळ्यात सोपं आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं वाक्य म्हणजे त्या मुलीला एकटीला पाठवलेलं, "मी बघितलं ते, मला नाही आवडलं, तू बरी आहेस ना?" त्रास होत असलेल्या मुलांशी बोललं की कळतं, स्टिकरपेक्षा त्यांना जास्त लागतं ते हे की सगळ्यांनी बघितलं आणि एकानंही काही म्हटलं नाही. हा एक मेसेज पाठवायला फार धाडस लागत नाही, लाजाळू मुलंसुद्धा पाठवू शकतात, म्हणून त्याचा सराव आवर्जून घ्या.

माध्यम साक्षरतेसाठी नववीला मी राईनपाड्याची घटना घेते. लहान वर्गांना नाही, नववीला, आणि आधी सांगून की ही दुःखाची गोष्ट आहे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागायला आलेले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या भागात आधीच व्हॉट्सॲपवर फिरत होती. एका लहान मुलीशी बोलले एवढ्यावरून जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं आणि पाचही जण गेले. त्याच दिवशी मालेगावात दुसऱ्या एका कुटुंबाला पोलिसांनी जमावाच्या हातून सोडवलं म्हणून ते वाचलं.

त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक होता मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावरचं पोर उचलून नेतात असा. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जाहिरातपट होता, त्यात पुढे ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवटचा भाग कापून टाकला होता, बस्स, बाकी काही केलं नव्हतं. दुसरं एक दृश्य होतं रांगेत ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांचं, किडन्या काढल्या म्हणून सांगत होते, ते होतं सिरियातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्याचं. हे दोन्ही व्हिडिओ वर्गात दाखवायचे नाहीत हं, नुसतं सांगायचं, तेवढं पुरतं.

मग मुलांना विचारायचं, हे फॉरवर्ड करणारे लोक कसे होते? मुलं पटकन म्हणतात वाईट, मूर्ख, अडाणी. इथं थांबायचं, घाई करायची नाही. कारण फॉरवर्ड करणाऱ्यांत कितीतरी जण आई-बाप होते, शिकलेले होते, आपल्या नात्यातल्या पोरांच्या काळजीपोटी पाठवत होते. वाईट हेतू नव्हता, काळजीच होती, आणि त्या काळजीला तपासायची सवय नव्हती. माझं सगळं काम गेली कित्येक वर्षं या एका गोष्टीभोवती फिरतंय म्हटलं तरी चालेल. मूल्यं असलेलं मूल जर तपासत नसेल तर त्याचा चांगुलपणाच कोणीतरी वापरून घेतं. आणि उलटही आहे, तपासायला शिकलेलं मूल जर हळवं नसेल तर ते घरच्यांना घालून पाडून बोलायला लागतं, "आजोबा तुम्हाला काही कळत नाही, काहीही पाठवता", आजोबा दुखावतात, पुढच्या वेळी नातवाला वगळून पाठवतात, संपलं. म्हणून दोन्ही एकाच तासात शिकवायचं. आजोबांना काय म्हणायचं याचीही चिठ्ठी लिहून घ्या. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर काही बोलायचं नाही, जवळ जाऊन बसायचं, "आजोबा, तुम्ही काल पाठवलं ना ते मी शोधून बघितलं, तो फोटो जुना आहे, दुसऱ्याच देशातला आहे, दाखवू का?" दाखवू का म्हटलं की बहुतेक आजोबा चष्मा लावतात.

आता एक करून बघण्यासारखा उपक्रम सांगते, आनंददायी शनिवारी फार छान होतो, २०२४ पासून पहिली ते आठवीला ते दप्तराविना उपक्रमांचे शनिवार आहेतच, त्यातला एक यासाठी घ्या. मुलांनी मैदानावर कबड्डी खेळायची, शिक्षकांच्या फोनवर एक मिनिटाचं शूटिंग करायचं. मग गटागटांनी त्यातले असे दहा सेकंद निवडायचे की बघणाऱ्याला वाटावं मारामारी चाललीये, आणि वर मथळा द्यायचा. मुलं भन्नाट मथळे देतात. मग पूर्ण व्हिडिओ आणि कापलेला व्हिडिओ शेजारी शेजारी लावायचे आणि विचारायचं की आपण यात खोटं काय घातलं? काहीच नाही, सगळं खरंच होतं, नुसतं कापलं. फसवणुकीची युक्ती स्वतः एकदा हातानं करून बघितली की ती दुसऱ्यानं केलेली ओळखू येते, केंब्रिजमधल्या मानसशास्त्रज्ञांनी याच विचारावर २०१८ मध्ये एक ऑनलाइन खेळही काढला होता, लसीसारखी कल्पना आहे ती, थोडासा डोस आधी द्यायचा. व्हिडिओ तिथल्या तिथे मुलांसमोर डिलीट करा, आणि शूटिंगच्या आधी प्रत्येकाला "तुझं घेतलं तर चालेल का" असं विचारा, तोही धडाच आहे, ज्याला नको असेल त्याला पंच करा.

तपासायचं कसं, यावर फार तांत्रिक होऊ नका. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो खूप जणांच्या हातातून आलाय एवढं मुलांना ओळखता यावं. व्हॉट्सॲपनं या घटनांनंतरच जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली आणि एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो, का केलं असेल असं विचारा, मुलं बरोबर सांगतात. दुसरं म्हणजे समोरच्या मेसेजकडेच टक लावून तो खरा वाटतो का असं बघत बसायचं नाही, तो सोडून बाहेर जायचं आणि बाकी कोण काय म्हणतंय ते शोधायचं, बातम्या तपासणं ज्यांचा धंदा आहे ते लोक असंच करतात. फोटो असेल तर गूगल लेन्स, तोच फोटो आणखी कुठे आहे ते ते शोधून दाखवतं, व्हिडिओ असेल तर त्यातल्या एका दृश्याचा स्क्रीनशॉट काढून तेच. सरकारी योजनेचा मेसेज असेल तर पीआयबीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाचं, फॅक्ट चेक आहे. डीपफेकबद्दल, म्हणजे एआयनं बनवलेल्या हुबेहूब खोट्या फोटो-व्हिडिओंबद्दल, मुलं हमखास विचारतात, बोटं मोजा, डोळे बघा असल्या युक्त्या मी आता शिकवत नाही कारण तंत्र सुधारलं की त्या बाद होतात, हे आधी कोणी टाकलं आणि दुसरं कोण दुजोरा देतंय एवढंच विचारायची सवय लावते. आणि गावाकडच्या ऑडिओ क्लिप कुठेच सापडत नाहीत, अहिराणीतली किंवा वऱ्हाडीतली कोणाची तरी घाबरलेल्या आवाजातली क्लिप, ती शोधून सापडणार नाही. तिथं एकच नियम, खात्री नाही ना, मग ती माझ्यापाशीच थांबेल.

जागरणाबद्दल. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि तुमची शाळा सकाळी सातची असेल तर तुम्हीच हिशोब करा. पण मोबाईलमुळेच मुलं उदास होतात असं सरसकट म्हणू नका, त्यावर संशोधकांत अजून वाद आहेत, आणि तसं म्हटलं की मुलाच्या घरातली भांडणं, अभ्यासाचा ताण, बापाची नोकरी गेलेली, यातलं काहीच आपण विचारत नाही. मी काय करते, मुलांना एक आठवडा एक साधी नोंद ठेवायला सांगते, किती वेळ बघितलं ते लिहायचंच नाही, काय बघितलं आणि बघून झाल्यावर कसं वाटलं एवढंच लिहायचं. ती वही मी बघत नाही, तपासत नाही, मार्क नाहीत. त्यातून मुलांनाच कळतं की क्रिकेटचे व्हिडिओ बघून बरं वाटतं आणि अमुक एकाची स्टोरी बघितली की आपलं घर, आपला रंग, आपले कपडे सगळंच कमी वाटायला लागतं. एकदा ते स्वतःच्या अक्षरात दिसलं की कोणाला म्यूट करायचं ते मूल स्वतः ठरवतं.

घरात मात्र मोठ्यांनी पण ठेवला पाहिजे फोन. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा, २०२२ मध्ये तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलांचा अभ्यास. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्हीकडे तळमळ खरी आहे, पण मला पहिली वाट जास्त पटते, कारण त्यात आईची मालिका आणि बाबांचं फेसबुकही बंद होतं आणि मुलाला आपल्यालाच शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद झालीत, त्यावर नववीत वादविवाद ठेवा, मुलं इतकं नेमकं बोलतात की ऐकत राहावं. आणि मॅडम, एक विनंती, शाळेच्या ग्रुपवर रात्री नऊनंतर गृहपाठ टाकू नका. आपणच मुलाच्या हातात फोन द्यायचा आणि आपणच ओरडायचं, हे बरं नाही.

आता गंभीर प्रकरणाचं, हे नीट वाचा आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगा. एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा खासगी फोटो फिरतोय असं कळलं तर तो फोटो "मला पाठव, बघू" असं म्हणायचं नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही, कितीही चांगल्या हेतूनं असो. मूल अठराच्या आतलं असेल तर असा फोटो पुढे पाठवणं हा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, आणि आयटी कायदा या दोन्हींखाली गुन्हा आहे. कोणत्या खात्यावरून आला, लिंक, वेळ एवढं लिहून ठेवा. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबता येत नाही. सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती, तुमच्याकडे कागदावर असेलच, तिच्यातल्या एखाद्या समजूतदार बाईंना लगेच सोबत घ्या. मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पैशाची फसवणूक असेल तर १९३०, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. टेक इट डाउन नावाची एक मोफत सेवा आहे, अठराच्या आत काढलेले असे फोटो मोठ्या प्लॅटफॉर्मवरून काढायला मदत करते, आणि फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा एक कोड तयार होतो, तेवढाच जातो. पण या सगळ्याच्या आधी, अगदी आधी, त्या मुलाला पहिलं वाक्य हेच बोला, "बरं झालं सांगितलंस, तू एकटी (किंवा एकटा) नाहीस." फोटो काढलासच कशाला, हे विचारू नका, कधीच नाही. जगावंसं वाटत नाही असं काही मूल बोललं किंवा लिहिलं, स्टेटसला टाकलं, तर गंमत समजू नका, एकटं सोडू नका, पालकांना बोलवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

वेळेचं म्हणाल तर नववी-दहावीच्या मराठीत जाहिरात लेखन, बातमी लेखन आहेच, मुलांनी जाहिरात लिहिली की खाली "या जाहिरातीनं काय लपवलं" अशा दोन ओळी लिहायला लावा, झाली माध्यम साक्षरता. वर्गाच्या ग्रुपचे नियम मुलांनाच लिहू द्या आणि ॲडमिन दर महिन्याला बदला. मार्क मात्र देऊ नका याला, चारित्र्याचे मार्क द्यायला लागलो की मुलं आपल्याला हवं ते लिहून देतात. आणि हेडसरांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतील, तक्रारपेटीत चिठ्ठ्या जास्त पडतील. त्रास वाढला म्हणून नाही, मुलं सांगायला लागली म्हणून. हे आधी सांगितलं नाही तर उपक्रम बंद करायला सांगतात, असं होताना मी बघितलंय.

तुम्ही शेवटी विचारलंय की वर्गातल्या ज्या मुलांकडे फोनच नाही त्यांचं काय. त्यांना यातून वगळू नका. ती दुसऱ्याच्या फोनवर सगळं बघतच असतात, आणि ग्रुपवर काय झालं ते दुसऱ्या दिवशी उडत उडत कळतं म्हणून त्यांना वेगळंच एकटेपण असतं, वर त्यांच्या नावानं तिथं काय चाललंय ते त्यांना माहीतही नसतं. वरचं सगळं छापील स्क्रीनशॉटवर आणि चिठ्ठ्यांवर होतं, स्क्रीनशॉट आपणच बनवलेले, खोटी नावं घालून. फोन लागेल असा गृहपाठ देऊ नका, आणि ग्रुपवर दिलेली प्रत्येक सूचना फळ्यावरही लिहा.